पंच क्रमांक सात

आडखोलच्या पहिल्या शिनाणे महोत्सवात चारशे बारा माणसांचे प्राण वाचले.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलं नाही. खाडी सुरक्षा कक्षाच्या नोंदवहीत त्या तारखेसमोर 'निरंक' लिहिलेलं आहे आणि ते अक्षर माझंच आहे. घडलेल्या घटनेसाठी वहीत सात रकाने आहेत. विषबाधा किती, मृत्यू किती, त्यात सरकारी कर्मचारी किती, वगैरे. न घडलेल्या घटनेसाठी एकही नाही. मी सरकारी नोकर आहे, त्यामुळे काही घडलं नाही असं धरूनच पुढचं सगळं सांगते.

मी स्वरांगी तांडेल, वय चोवीस, आडखोल खाडीची पाणी निरीक्षक. कार्यालय म्हणजे जेटीवरची पत्र्याची टपरी. आत एक पडदा आणि एक खुर्ची. खुर्चीवर बहुतेक वेळ शिनाणी वाढवणाऱ्या बायकांपैकी रतनकाकी केळुसकर असतात, कारण वारा तिथेच चांगला लागतो. माझ्या हाताखाली बारा कर्मचारी. बाराही शिंपले.

कर्मचारी हा शब्द मी गमतीने वापरत नाही. उपकरण म्हणून त्यांची खरेदी दाखवावी तर कंपनीचं हमीपत्र लागतं. जनावर म्हणून दाखवावं तर पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि आमच्या तालुक्याचे पशुवैद्य शिंपल्याला बघून म्हणाले, "याला थर्मामीटर कुठे लावू?" शेवटी आमचे जिल्ह्याचे हिर्लेकर साहेब, अत्यंत सज्जन माणूस, यांनी त्यांची कंत्राटी कर्मचारी म्हणून नेमणूक केली. प्रत्येकाला क्रमांक, हजेरीपट आणि वर्षाला आठ किरकोळ रजा. रजा एकानेही घेतलेली नाही.

हे बारा जण करतात काय, ते नीट सांगते.

शिनाणं म्हणजे हिरव्या कडेचा, बोटभर लांबीचा शिंपला. तराफ्याखाली टांगलेल्या दोरांना हजारोंनी चिकटून वाढतो. जेवायला तो कुठे जात नाही. तोंड किंचित उघडून बसतो आणि तासाला दोन-तीन लिटर पाणी गाळतो. पाण्यात डोळ्याला न दिसणारं सूक्ष्म शैवाल असतं, एकेका पेशीचं. ते त्याचं जेवण. या शैवालाच्या बहुतेक जाती गरीब स्वभावाच्या. सगळ्या समुद्राचं पोट त्यांच्यावर चालतं. मोजक्या जाती मात्र विष बनवतात. त्यांची बीजं चिखलात वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि पाणी, ऊन, खत असं सगळं मनासारखं जमलं की उठून खाडीभर होतात. शिनाणं ते शैवाल गाळतं, विष त्याच्या मांसात साठतं. त्याचं स्वतःचं त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते खाणाऱ्याचं. नसांमधून निरोप जायला जी बारीक दारं असतात, ती हे विष बुजवतं. आधी ओठांना मुंग्या येतात, मग बोटांना, आणि मग छातीच्या स्नायूंना श्वास घ्यायचा निरोपच पोचत नाही. हे विष उकळून जात नाही, तळून जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही.

"आगळ घातला काय सगळा मरता," असं रतनकाकींचं मत आहे. कोकमाच्या आगळाबद्दल माझ्याही मनात आदर आहे. पण या विषाबाबत आगळ काही करत नाही.

पूर्वी पाण्याची बाटली आणि मूठभर शिनाणी शहरातल्या प्रयोगशाळेत जायची, अहवाल चौथ्या दिवशी यायचा. अहवाल अगदी अचूक असायचा. वाचायला कोण उरतं, एवढाच प्रश्न. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की विष आलंय हे खुद्द शिंपल्यालाच आधी कळतं. नाजूक शिनाण्याला विषारी शैवालाची चव लागली की ते दचकतं, दोन-तीनदा उघडझाप करतं आणि गच्च मिटतं. म्हणून आमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या एका शिंपेला तांदळाच्या दाण्याएवढं लोहचुंबक चिकटवलंय, दुसरीला त्याचं अंतर मोजणारी चकती. सेकंदाला दहा वेळा पडद्यावर दिसतं, कोण किती उघडा आहे.

आता एकटा शिंपला कशानेही मिटतो. बोट गेली, खेकडा आला, सावली पडली, किंवा नुसतंच मनात आलं. म्हणून बारा. बारातले आठ एकदम वीस मिनिटं मिटले की खाडी आपोआप बंद. पडदा लाल, व्यापाऱ्यांचे फोन लाल, तराफ्यांवरच्या कप्प्यांना कुलूप. आठापेक्षा कमी मिटले तर दुसरी सोय आहे. टपरीतल्या काचेवर निरीक्षक आणि उत्पादक गटाची अध्यक्ष या दोघींनी अंगठा लावायचा, तरी खाडी बंद. ही सोय कोणी कधी वापरली नव्हती.

कागदावर यांचं नाव 'सजीव संवेदक संच'. गावात म्हणतात पंच.

उत्पादक गटाची अध्यक्ष म्हणजे माझी आई, दर्शना तांडेल.

आईबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती मूळची खाडीपलीकडच्या खारवणची. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, गटातल्या बावीस बायका तिच्या शब्दावर भरतीच्या पाण्यात उतरतात, तरी काही बिनसलं की रतनकाकी म्हणतातच, "शेवटी खारवणचीच गो ती." आणि खारवणशी आमचं जुनं वैर. शिनाणं आम्ही वाढवायचं आणि बाजारात ते 'खारवणचं शिनाणं' म्हणून खपायचं, कारण बंदर त्यांच्याकडे. आईने तीन वर्षं तालुका ते जिल्हा हेलपाटे घालून एक गोष्ट मान्य करून घेतली होती: खाडी सलग शंभर दिवस एकदाही बंद झाली नाही तर गावाच्या नावाची मोहोर मिळेल, 'आडखोलचं शिनाणं'. मोहोर एकच, आणि खारवणनेही समुद्राकडच्या आपल्या तराफ्यांवर दिवस मोजायला घेतले होते. तिने फणसाच्या लाकडाचा बोर्डही करून घेतला होता. तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवला होता. शंभर दिवस माझ्या पाठीखाली गावाचं नाव होतं.

शंभराव्या दिवशी महोत्सव ठरला. चारशे बारा पाहुण्यांची नावनोंदणी, जेटीवर मांडव, हिर्लेकर साहेबांचं भाषण. जेवायला शिनाण्यांचं सुकं, तळलेली शिनाणी आणि शिनाण्यांचं कालवण. गोड पदार्थात शिनाणं घालायची सूचना एकीने केली होती, ती मताला टाकून थोडक्यात पडली.

त्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता सात नंबर मिटला.

मी चहा पीत होते. बाकीचे अकरा पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखे आ वासून होते. सातने दोन झटके दिले आणि गच्च. मी कप ठेवला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. चाळीस. मी होडी काढून बघून आले: खेकडा नाही, सावली नाही, वायर ठीक. पाण्याचा थेंब हातातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गोलसर पेशी साखळीने पोहत होत्या. पण त्या जातीच्या विषारी आणि बिनविषारी बहिणी दिसायला सारख्याच असतात. नुसत्या दिसण्यावरून पोरगी कशी आहे ते सांगता येत नाही, एवढं शास्त्र मलाही येतं.

साहेबांना फोन लावला.

"किती मिटलेत?" साहेब म्हणाले. मागे इस्त्रीचा आवाज येत होता.

"एक."

"बारात एक?"

"हो साहेब."

"हे बघ स्वरांगी. आठ म्हणजे निर्णय. चार म्हणजे चर्चा. एक म्हणजे स्वभाव असतो. मी दहाला पोचतो."

चुकीचं काहीच बोलले नव्हते. नियम असाच होता. मी टपरीत आले तर रतनकाकी खुर्चीत, नवं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सातवो मिटलो? मिटूंदे. तो मेलो पयल्यापासूनच आपलो नाय."

"आपला नाही म्हणजे, काकी?"

काकी वळेसर नीट करायला लागल्या.

"काकी, बाकीचे कोणाचे?"

"आपलेच."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याच खडपावरचे. तू ट्रेनिंगाक गेललंस ना चार दिवस, तेवां बदलले."

मी कक्षाची सूचना पुस्तिका काढली.

पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, शिंपले बाहेरच्या, स्वच्छ पाण्याच्या खाडीतून आणावेत. कक्षाने ते खारवणच्या अंगाला असलेल्या खुल्या समुद्राच्या खडकांवरून आणले होते. आणि काकींनी गटातल्या पाच जणींना घेऊन, एका ओहोटीला, अकरांचे डोळे काढावेत तसे चुंबक अलगद काढून आडखोलच्या खडकांवरच्या धष्टपुष्ट शिनाण्यांना चिकटवले होते. सरकारी भाषेत सांगायचं तर अकरा कंत्राटी कर्मचाऱ्यांनी आपल्या जागी बदली माणूस पाठवला होता आणि मी शंभर दिवस त्यांची हजेरी लावत होते.

"पण का, काकी?"

"का म्हंजे? गावचे पंच खारवणचे? आमची खाडी बरी का वायट, ता खारवणची शिनाणी सांगतली? तोंड खय दाखवचा आमी?" मग जरा खालच्या आवाजात, "सातव्याचोय काढूक गेललंव. गोंद सुटाक नाय."

"काकी, तुमच्या लहानपणी खाडीचं पाणी तांबडं व्हायचं?"

"मगे? दोन-तीन वर्सांनी होयच. म्हातारी तेवां शिनाणी घराक आणूक देय नाय. आमी खडपार बघी, शिनाणी आपली मजेत."

मला हवं ते नेमकं याच वाक्यात होतं. ज्या पाण्यात पिढ्यानपिढ्या विषारी शैवाल येतं, तिथल्या शिंपल्यांत हळूहळू तेच टिकतात ज्यांच्या नसांची दारं जरा वेगळ्या घडणीची असतात. विष त्यांना बुजवू शकत नाही. ते दचकत नाहीत, मिटत नाहीत. उघड्या तोंडाने विष गाळत राहतात आणि इतरांपेक्षा जास्त साठवतात. आमचे अकरा पंच खाडी चांगली आहे म्हणून उघडे नव्हते. त्यांना सवय होती. पडद्यावरच्या अकरा हिरव्या रेघोट्या म्हणजे अकरा जणांचं 'आमच्याकडे असं चालतंच' होतं. बारात खरं बोलणारा एकच होता, आणि तो गोंद चांगला लागला म्हणून नोकरीत उरला होता.

मांडवामागे मोठी पातेली चढली होती. आई कमरेला पदर खोचून शिनाण्यांचं पहिलं घमेलं ओतायच्या बेतात होती. गटातल्या सगळ्या बायका भोवती. मी जाऊन सगळं सांगितलं, मघाशी तुम्हाला सांगितलं तसंच, फक्त घाईत आणि विनोद न करता.

आई घमेलं धरून उभी राहिली.

"तुझी खात्री किती?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "बारात एक," मी म्हणाले. "प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांनी येईल. कदाचित ती बिनविषारी बहीण निघेल. मग आपण उगीच खाडी बंद केली असं होईल, आणि शंभराच्या जागी पुन्हा शून्य. खारवणचे ब्याण्णव दिवस झालेत. मोहोर पुढच्या आठवड्यात त्यांना."

"आनि इषारी निघाली तर?"

मी मांडवातल्या खुर्च्यांकडे बघितलं. पाहुणे यायला लागले होते. एका आजोबांनी शिनाणी सोलायला स्वतःचा चमचा घरून आणला होता, रुमालात गुंडाळून.

रतनकाकी पुढे आल्या. "अगो दर्शना, अकरा जण बरा म्हणतत आनि एकटो नाय म्हणता. तोय खारवणचो. त्याचा आयकतलस?"

आईने काकींकडे बघितलं. सव्वीस वर्षांचं बघणं होतं ते.

"काकी," आई म्हणाली, "खारवणची एकटी नाय म्हणता तेवां काय वाटता, ता ह्या घोळक्यात माकाच म्हायत हा."

घमेलं तिने खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "अंगठो खय लावचो, दाखव."

टपरीत काचेवर माझा अंगठा लगेच लागला, तिचा उमटेना. सव्वीस वर्षं शिंपा उघडून त्याच्या रेघा पुसल्या होत्या. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. तिने पदराला पुसला. पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्या वेळी अंगठा फिरवून, कडेचा जो कोपरा शाबूत होता तो दाबला. खाडी लाल झाली. पडद्याच्या कोपऱ्यात दिवसांचा आकडा नव्व्याण्णव होता, तिथे शून्य आलं.

आई शून्याकडे बघत राहिली. मी विनोद शोधत होते, सापडला नाही.

दहाला साहेब आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घाम पुसला, नियम चाळला, दोन अंगठ्यांची सोय वाचली आणि म्हणाले, "ही आहे खरी." मग घाम पुन्हा पुसून, "मी लिहिलेली आहे ही. मला वाटलं नव्हतं कोणी वापरेल."

महोत्सव झाला. तो रद्द करायचा कोणालाच अधिकार नव्हता. चारशे बारा पाहुण्यांनी शिनाणे महोत्सवात काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी खाल्ली. उसळ रतनकाकींच्या घरच्या मुंजीसाठी भिजवलेल्या वाटाण्यांची. त्यांनी न सांगता आणून दिली आणि कोणी विचारलं तर मुंज पुढे ढकलली म्हणाल्या. आईने माईक घेतला आणि सांगितलं, "आज आमची शिनाणी तुमका खावक मिळूची नाय. आमका खात्री नाय, म्हणान." एवढंच. टाळ्या पडल्या नाहीत. तीन जणांनी ऑनलाइन तक्रार केली. एकाने लिहिलं, 'नाव शिनाणे महोत्सव, शिनाणं एकही नाही, फसवणूक.' चमचावाल्या आजोबांनी त्याच चमच्याने उसळ खाल्ली आणि जाताना म्हणाले, "चांगली झालीय, पण चमचा वाया गेला."

शहरात पाठवलेल्या शिनाण्यांचा अहवाल चौथ्या दिवशी आला. माणसाला चालेल त्या मर्यादेच्या अकरा पट.

मी आकडा आईला वाचून दाखवला. ती दोर धूत होती. म्हणाली, "अकरा? आपले पंच तितकेच." आणि धूत राहिली. पण मी तिचीच मुलगी आहे. दोर तोच होता, दोनदा धुतलेला.

पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. मोहोर खारवणला गेली. मला 'कारणे दाखवा' नोटीस आली, की कोणतीही घटना घडलेली नसताना खाडी बंद का केली. आणि रतनकाकी सकाळी उठून स्वतः होडीत बसल्या.

"खय?" आईने विचारलं.

"तुझ्या म्हायेराक. अकरा सुनो आणूच्यो हत. तू येतंस काय, का एकटीच जाव?"

बावीस बायका तीन होड्यांतून खारवणला गेल्या. खारवणच्या बायकांनी मोहोरेचा पेढा दिला. तो आमच्या बायकांनी चेहरा सरळ ठेवून खाल्ला. मग खुल्या समुद्राच्या खडकांवरून अकरा शिनाणी निवडली, ओल्या गोणपाटात घेतली, आणि जेटीवर त्यांची रीतसर ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं. पाण्यात हळद-कुंकू टाकायला मी बंदी केली, त्यामुळे ते पंच ज्या पेटाऱ्यात राहतात त्याच्या झाकणाला लागलं. जुने अकरा पंच खडपावर परत सोडले. हिर्लेकर साहेबांच्या नोंदीत ते स्वेच्छानिवृत्त आहेत.

मग आईने माझ्या खाटेखालचा बोर्ड काढला. लुगडं सोडलं, पुसला, आणि मोहोर नसताना, कोणाचीही परवानगी नसताना, पंचांच्या तराफ्यावर ठोकला. 'आडखोलचं शिनाणं'. नेमका सात नंबरच्या डोक्यावर.

"आई, तो खारवणचा आहे," मी म्हणाले.

"होतो," आई म्हणाली.

हातोडी रतनकाकींनीच आणून दिली होती.

नोटिशीला मी खाली दिलेलं उत्तर पाठवलं आहे. अजून पोच आलेली नाही.

प्रति,
मा. जिल्हा अधिकारी,
खाडी सुरक्षा कक्ष.

विषय: नोंदवहीत नवीन रकाना उघडणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, दैनंदिन नोंदवहीत घडलेल्या घटनांसाठी सात रकाने असून न घडलेल्या घटनांसाठी एकही रकाना उपलब्ध नाही. त्यामुळे महोत्सवाच्या दिवशी निम्नस्वाक्षरीकर्तीस नाइलाजाने 'निरंक' लिहावे लागले. तरी 'काय घडले नाही' या शीर्षकाचा आठवा रकाना उघडण्यास मंजुरी मिळावी. सदर रकान्यात त्या दिवशी जेवून, हात धुऊन, तक्रार करत आपापल्या पायांनी घरी गेलेल्या चारशे बारा जणांची नावे एकाखाली एक लिहिण्याची परवानगी असावी. शेरा या ठिकाणी पंच क्रमांक सात (कंत्राटी) आणि श्रीमती दर्शना तांडेल यांचा उल्लेख व्हावा. श्रीमती तांडेल यांचा अंगठा यंत्रास स्पष्ट उमटत नसल्याने तो अस्पष्टच ग्राह्य धरण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
स्वरांगी दर्शना तांडेल
पाणी निरीक्षक, आडखोल

सोबत: चमचा, एक. (मालकाने मुद्दाम आणून दिला. पुढच्या वर्षी लागेल म्हणाले, तोपर्यंत सांभाळून ठेवावा.)